ब्रिक लेनवरची कोरी भिंत

पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेनला फोर्निए स्ट्रीट मिळते त्या कोपऱ्यावरची ही इमारत पहिल्या नजरेत भरत नाही. साध्या विटा, खिडक्यांच्या दोन रांगा, वर त्रिकोणी माथा. संतांचे पुतळे नाहीत, कोरीव कामाचा सोस नाही. तिची गंमत कळते ती या 'नाही'मुळेच.

ती १७४३ साली बांधली ह्यूगेनॉट समाजाने. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांची ही वस्ती. त्यांत रेशमाचे विणकर पुष्कळ. मूर्ती आणि थाटमाट त्यांना वर्ज्य. प्रवचन सर्वांना नीट ऐकू यावं, एवढीच वास्तूकडून अपेक्षा. १८१९ मध्ये मेथडिस्ट आले, तेव्हा त्यांना मोडतोड करावी लागली नाही. प्रवचन आणि एकत्र गाणं यांवर भर देणाऱ्या पंथाला असंच सभागृह हवं होतं. सुमारे पाऊणशे वर्षं ते इथे राहिले, पण भिंतीवर स्वतःची ठळक खूण अशी सोडली नाही.

त्यांच्याआधी, १८०९ पासून, ज्यूंना ख्रिस्ती करू पाहणाऱ्या एका संस्थेचं बिऱ्हाड इथे होतं. नियतीचा खट्याळपणा असा की १८९८ मध्ये याच वास्तूचं सिनेगॉग झालं. रशियन साम्राज्यातल्या छळातून निसटलेल्या ज्यूंना मूर्तिविरहित सभागृह आयतंच मिळालं. पुढे १९७६ मध्ये मशीद झाली. नमाजाला येणारे बहुतेक सिल्हेटकडचे बंगाली. बाकं जाऊन गालिचे आले, भिंतींना काही खटकलं नाही.

फोर्निए स्ट्रीटकडच्या माथ्यावर १७४३ सालचं सूर्यघड्याळ आहे. माणूस म्हणजे केवळ सावली, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. नंतर आलेल्या कोणीच ते उतरवले नाहीत. २००९ मध्ये इमारतीलगत २९ मीटर उंचीचा पोलादी मनोरा उभा राहिला, तेव्हा कुठे या साधेपणाला ठसठशीत छेद गेला.

या वास्तूला सर्वधर्मसमभावाचं प्रतीक म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. हे धर्म इथे एकत्र नांदले नाहीत. एकाची वस्ती पांगली, मग दुसऱ्याची आली. दर वेळी नव्या निर्वासिताला, स्थलांतरिताला परवडेल अशी जागा हवी होती. बांधणाऱ्यांनी आपल्या श्रद्धेपायी सजावट टाळली आणि पुढच्यांची सोय झाली. ते औदार्य नव्हे. पण औदार्याहून टिकाऊ ठरलं.