अंतऱ्याची वाट पाहताना

लग्नसराईत डोंबिवलीच्या आसपास संध्याकाळी फेरफटका मारला, की आजचं मराठी गाणं कुठे पोहोचलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. सागाव, मानपाडा, भोपर, कोपर. कुठल्याही गावठाणात हळदीचा मांडव असतो, बेंजो पार्टी नाहीतर डीजे असतो आणि शे-दोनशे माणसं एकाच मुखड्यावर नाचत असतात. या गर्दीत मी लहानपणापासून उभा आहे. तेव्हा कॅसेटवरची गाणी वाजत, आता दोन दिवसांपूर्वी यूट्यूबवर आलेलं गाणं वाजतं. अलीकडे एक गोष्ट मात्र सारखी जाणवते. मुखडा आला की सगळा मांडव गातो. अंतरा सुरू झाला की ओठ थांबतात, पाय तेवढे चालू राहतात. मग डीजेवालाच अंतरा कापतो आणि पुन्हा मुखड्यावर येतो. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. माझी आहे.

नव्या गाण्यांवर रुसलेल्या माणसाची ही तक्रार नाही. मी ही गाणी रोज ऐकतो, लोकलमध्ये ऐकतो, आवडली तर चार जणांना पाठवतो. गेल्या दहा वर्षांत मराठी गाण्यानं जे कमावलं त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच जे हातचं निसटतंय ते बोलावंसं वाटतं.

आमचा ठाणे-कल्याणचा पट्टा मुळात लग्नाच्या गाण्यांचा. आगरी लग्नात धवलारीण हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी धवले गात पार पाडते. वारली लग्नात हाच मान धवलेरीचा. हे गाणं विधीच्या पावलानं चालतं. विधी पुढे सरकला की ओळ पुढे सरकते, आणि गाणं संपेपर्यंत मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली असते. याच पट्ट्यात, ठाण्यात, पी. सावळाराम राहिले. ते पुढे ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. सासरी निघालेल्या लेकीशी आई बोलते, असं त्यांचं 'गंगा जमुना' हे गाणं वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायलं आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या पाठवणीला त्याचा सूर लागला. ठाण्यात सावळारामांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, तसा 'गंगा-जमुना' या नावाचाही दिला जातो. एखाद्या गाण्याच्या नावानं शहरानं पुरस्कार द्यावा, एवढं ते गाणं इथलं झालं.

ते ध्वनिमुद्रिकांचे दिवस होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. तेवढ्यात मुखडा, दोन-तीन अंतरे, मधलं वाद्यसंगीत, सगळं बसवावं लागे. आणि तरी आईचं मन अंतऱ्यागणिक एकेक पायरी उतरताना आपल्याला ऐकू येई. आजचं गाणंही तीन मिनिटांचंच आहे. त्यामुळे 'हल्ली लोकांना वेळ नाही, गाणी छोटी झाली' हे कारण मला पटत नाही. वेळ तेवढाच आहे. तो आता मुखड्याच्या चार फेऱ्यांवर, नाचाच्या तुकड्यावर आणि ड्रोनमधून घेतलेल्या किनाऱ्यावर खर्च होतो.

सावळारामांचं गाणं ठाण्यातलं, तर कल्याणला शिंदे घराणं. २००४ मध्ये गेलेले प्रल्हाद शिंदे, त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, आणि आता नातू आदर्श आणि उत्कर्ष. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी आजही कल्याण-कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमधली भजनी मंडळं गातात. डब्यात मायक्रोफोन नसतो, टाळ असतात, कुणी पत्र्यावर ठेका धरतं. एक जण ओळ सांगतो, बाकीचे उचलतात, आणि मुंब्र्याच्या आसपास सुरू झालेलं गाणं घाटकोपरपर्यंत पुरतं, कारण त्याला अंतरे आहेत. देवाला विचारलेला प्रश्न तिथे कडव्यागणिक टोकदार होत जातो. ऐंशीच्या दशकात आनंद शिंदे यांच्या 'पोपट'च्या कॅसेटी गाजल्या, त्याही निव्वळ ठेक्यावर नव्हेत. त्या गाण्यांत प्रसंग होता, टोमणा होता, आणि पुढच्या कडव्यात काय होणार याची उत्सुकता होती.

हा वारसा लक्षात ठेवून नव्याकडे येऊ या. मराठी गाण्याला चित्र पहिल्यांदा भेटलं ते आजचं नव्हे. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'नं पावसाला चेहरा दिला. २००२ च्या सुमारास अवधूत गुप्ते यांच्या संगीतातलं, वैशाली सामंत यांनी गायलेलं 'ऐका दाजिबा' वाहिन्यांवर धुमाकूळ घालत होतं. पण तेव्हा व्हिडिओ करायला कंपनी लागायची आणि दाखवायला वाहिनी. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा गावठाणात पोहोचला आणि ही दोन्ही दारं उघडली. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, महिन्याभरात रील्स सुरू झाले. गाणं आता तीस सेकंदांच्या तुकड्यांत फिरू लागलं.

या उघडलेल्या दारातून जे आत आलं त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बोली. आगरी-कोळी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, 'ड'चा 'र' होतो. माझ्या शाळेत अशा उच्चारांवर मुलं हसायची आणि बोलणारा पोरगा गप्प व्हायचा. शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी 'मी डोलकर'सारखी अप्रतिम कोळीगीतं दिली, पण ती कोळीवाड्याकडे प्रेमानं पाहणाऱ्या बाहेरच्या माणसांची होती. आज दिवा, भिवंडी, कल्याण-शीळ रस्त्यावरची पोरं स्वतःच्या तोंडची भाषा घेऊन उभी आहेत. भिवंडीचे संतोष चौधरी ऊर्फ दादूस हळदीच्या मंचावरून दूरचित्रवाणीपर्यंत गेले ते याच बोलीच्या जोरावर. प्रशांत नाकती यांचं 'माझी बाय गो' महाराष्ट्रभर वाजलं, आणि बोली न कळणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या लग्नांतही लोक त्यावर नाचले. हे यश छोटं नाही. ज्या उच्चारांवर वर्ग हसायचा, ते आता शहर गुणगुणतं.

दुसरी कमाई धाडसाची. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून आलं. युरोपातल्या क्लबमधला हाउसचा ठेका आणि त्यावर अस्सल मराठी शब्द. आपल्या कातडीचा रंग अभिमानानं शीर्षकात मिरवणारं गाणं आपल्याकडे किती उशिरा आलं! गोऱ्या नवरीची गाणी ऐकत मोठी झालेली आमची पिढी. मला ते पहिल्यांदा ऐकताना मोकळं वाटलं.

त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचं, जी-स्पार्कच्या साथीनं केलेलं 'गुलाबी साडी' आलं. याच्या यशाचं कारण लोक ठेक्यात शोधतात. मला ते गाण्याच्या आशयात दिसतं. नटलेली बाई आपल्या माणसाला माझा फोटो काढ म्हणते, एवढीच त्यातली गोष्ट. म्हणजे कॅमेरा गाण्याच्या आतच आहे. ज्या बाईनं गुलाबी साडी नेसून फोनसमोर उभं राहायचं ठरवलं, ती आपोआप त्या गाण्याची नायिका झाली. मग ती ठाण्याच्या गृहसंकुलातली असो की न्यू जर्सीतली. शब्द, चाल आणि वापर यांचा असा मेळ क्वचित जमतो. हे गाणं मी चांगलं मानतो. त्याच्या पाठोपाठ आलेली साडी, बिंदी, नथ आणि पैंजणांची रांग मात्र मानत नाही, कारण त्यात वस्तू तेवढी बदलते.

इथे माझ्या मूळ दुखण्याकडे येतो. यूट्यूबवर नवं आगरी-कोळी किंवा एकूणच मराठी व्हिडिओ गाणं लावा. पोरगा पोरीला जत्रेत नाहीतर बंदरावर पाहतो. मित्र ढकलतात. ती लाजते किंवा झिडकारते. एक फेरा एकवीरेच्या डोंगरावर, एक किनाऱ्यावर, शेवटी हळद नाहीतर वरात. नऊवारी, टोपी, होडी, सूर्यास्त. हे सगळं आमचंच आहे, पण आमचं एवढंच नाही. आमच्या गावांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले. खाडीत मासळी मिळेनाशी झाली. ज्या घरांत मिठागरं आणि भातशेती होती, तिथली मुलं सकाळी डोंबिवली स्थानकावर दरवाज्याला लटकतात. या मुलांचं प्रेम, त्यांचा लग्नाचा खर्च, त्यांच्या बायकोची नोकरी, यातलं काहीही व्हिडिओत येत नाही. कॅमेरा गावाच्या मालकीचा झाला, पण तो गावाकडे पाहुण्यासारखा बघतो.

आणि मुलगी? धवल्यात ती केंद्रस्थानी होती. 'गंगा जमुना'त तिच्या डोळ्यांतलं पाणी वाचणारी आई होती. आजच्या शंभरातल्या नव्वद गाण्यांत तिच्याकडे पाहिलं जातं, तिला काय दिसतं ते कुणी विचारत नाही. गायिका उत्तम आहेत. सोनाली सोनवणे यांच्या आवाजातला खट्याळपणा आणि स्वच्छ उच्चार मला फार आवडतात. पण अशा गळ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा होकाराची नाहीतर नकाराची एक ओळ येते. दुसरा अंतरा तिला मिळाला असता, तर तिनं काहीतरी सांगितलं असतं.

अंतरा म्हणजे मुखड्यात जे म्हटलं त्याचं कारण. मुखडा म्हणतो मला ती आवडते; का, कधीपासून, आणि त्याचं पुढे काय, हे अंतऱ्यानं सांगायचं असतं. ते सांगायला गीतकार लागतो. नव्या व्यवस्थेत सगळ्यात पुसट झालेला माणूस तोच. कॅसेटच्या वेष्टनावर, लहान अक्षरांत का होईना, गीतकाराचं नाव छापलेलं असे आणि आम्ही ते वाचत असू. आता व्हिडिओच्या सुरुवातीला निर्मिती संस्थेचं चिन्ह येतं, नाचणाऱ्यांची नावं येतात. शब्द कुणाचे हे पाहायला खालचं वर्णन उघडावं लागतं. रीलमध्ये तेही नाही. ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्यानं दुसऱ्या अंतऱ्यासाठी रात्र का जागवावी?

आवाजाचंही तसंच झालंय. गाणं फोनच्या छोट्या स्पीकरवर आणि डीजेच्या भिंतीवर, दोन्हीकडे वाजायला हवं म्हणून सगळं एकाच जोरात भरलं जातं. गळ्यावर ऑटोट्यूनचा मुलामा चढतो आणि दहा गायक एका आवाजाचे होतात. कोळीगीताचा ठेका होडीसारखा हेलकावे घेतो. त्याच्या जागी संगणकातला ठोक्यामागून ठोका येतो. डोंबिवलीच्या रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' चित्रपटातून या गल्लीतल्या वादकांना पडद्यावर आणलं. तेच वादक आज ध्वनिमुद्रणातून हद्दपार होताहेत आणि त्यांच्या वाद्याचा तयार तुकडा वापरला जातोय. पं. राम मराठे ज्या ठाण्यात राहिले, १९२६ पासून गायन समाज ज्या कल्याणात उभा आहे, तिथल्या कानांना हा फरक कळत नाही असं मी मानत नाही.

मग वेगळं काही होऊ शकतं का? झालंय. माझ्या सगळ्यात आवडत्या व्हिडिओचं नाव 'द वारली रिव्हॉल्ट'. स्वदेसी या समूहानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलात राहणाऱ्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन तो केला. वारली गळा आणि मराठी रॅप एकमेकांशेजारी उभे राहतात. त्यात जंगल सजावटीला आलेलं नाही; ज्याचं घर आहे तोच गातोय, आणि घर जाईल ही भीती शब्दांत आहे. एका वेळी एकच कडवं ऐकून हे गाणं सोडता येत नाही, कारण पुढच्या कडव्यात युक्तिवाद पुढे गेलेला असतो. धवल्याशी त्याचं नातं मला इथे दिसतं. 'गुलाबी साडी'इतकी माणसं ते ऐकत नाहीत, हे खरं. पण नव्या साधनांत, नव्या ठेक्यावर अंतरा जिवंत ठेवता येतो, याचा हा पुरावा आहे.

आमच्या पट्ट्यातल्या पोरांकडे याहून कमी काही नाही. बोली आहे, कॅमेरा आहे, हक्काचा श्रोता आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर आणि डिसेंबरातल्या आगरी महोत्सवात जमणारी गर्दी आहे. त्यांनी लोकलच्या डब्यात एक गाणं चित्रित करावं. शेत विकून गाडी घेतलेल्या बापावर लिहावं. बँकेत नोकरी करणाऱ्या नवरीला दोन अंतरे द्यावेत. लोक ऐकतील.

हळदीत रात्री दहाला नियमाप्रमाणे डीजे बंद होतो. पोरं खुर्च्यांवर टेकतात, फोन काढतात. तेव्हा मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायका हळूच सुरू करतात. माइक नाही, वाद्य नाही. एक ओळ सांगते, बाकीच्या ती झेलतात, आणि नवरीची हळद, तिचा चुडा, तिच्या भावाचं रुसणं असं एकेक करत गाणं लांबत जातं. गेल्या वर्षी अशाच एका मांडवात मी पाहिलं, डीजेच्या पोरानं आपल्या वायरी गुंडाळता गुंडाळता हात थांबवले आणि फोनवर ते ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तीस सेकंदांनी त्यानं ते बंद केलं नाही. बायका गात होत्या तोवर तो फोन धरून तिथेच बसून राहिला.