यादीच्या तळाशी सणसवाडी

फोनवरच्या यादीला कुणी समीक्षेचा विषय मानत नाही. अंगठा सरकवायचा, नाव दिसलं की त्यावर टेकवायचा, संपलं. पण शिरूर तालुक्यातली गावं वर्णमालेनं लावून पाहा. आमदाबाद, आंबळे वर येतात. शिक्रापूर, सणसवाडी तळाशी जातात. सणसवाडीच्या माणसाला दरवेळी जवळजवळ अख्खा तालुका ओलांडावा लागतो.

यंत्रापुरता हा प्रश्न केव्हाच सुटलाय. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून रिसायकलरव्ह्यू आहे. यादी पाच हजार नावांची असली तरी तो पडद्यावर मावतील त्याहून थोड्याच जास्त ओळी तयार करतो. वर सरकून गेलेली ओळ टाकून न देता नवं नाव भरून खाली पुन्हा लावतो. पंगतीत ताटं कमी पडली की उठलेल्याचं ताट धुऊन पुढच्याला मांडतात, तसंच. म्हणून स्वस्तातल्या फोनवरही यादी अडखळत नाही.

वाचणाऱ्याचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. एकूण नावं किती? मी कुठवर आलो? माझं नाव कुठल्या अक्षराखाली? कागदी मतदार यादीत अनुक्रमांक असतो, पान क्रमांक असतो. फोनवर कडेला एक बारीक पट्टी दिसते आणि विरून जाते. न संपणारा स्क्रोल २००६ मध्ये तयार करणाऱ्या अझा रास्किननं पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. रील्सना शेवट नसला तरी कुणाचं अडत नाही. नावांच्या यादीला तो हवाच, कारण शेवट दिसल्याशिवाय ‘माझं नाव यात नाही’ असं म्हणता येत नाही.

मराठीत आणखी एक गाठ आहे. शाळेत आपण ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर शिकलो. युनिकोडच्या क्रमानं ळ येतो ल आणि व यांच्या मधे. ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांची जोडी, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ जातो ‘ज’मध्ये. आजोबा नाव तळाशी शोधणार, यादी ते मधेच ठेवणार. मराठीचा क्रम लावणारे नियम तयार आहेत, फक्त ते आठवणीनं वापरावे लागतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेलं ई-पीक पाहणी अ‍ॅप इथे बघण्यासारखं आहे. विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्या उतरायच्या. मग नाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक टाकून खातेदार शोधायचा. ही मांडणी मला पटते. गट क्रमांक शेतकऱ्याला बहुधा तोंडपाठ असतो, आणि एकाच आडनावाची पन्नास घरं असलेल्या गावात तोच खरा पत्ता. इथे नाव सापडणं ही नुसती सोय नाही. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद त्यावर अवलंबून आहे.

म्हणून यादी किती गुळगुळीत सरकते यावर तिला गुण देऊ नयेत. किती कमी सरकवावी लागते, हे पाहावं. वर एकूण संख्या, शोधायला चौकट, कडेला मराठी क्रमानं अक्षरं आणि तळाशी दोन शब्द: ‘यादी संपली’. सणसवाडीच्या माणसाला एवढं पुरेल.