प्रलयानंतरचें मीठ

अणुयुद्धानंतर जीं चार माणसें उरतील त्यांनीं जगावें कसें, या प्रश्नावर इंग्रजींत दोनतीन वर्षांच्या अवधींत तीन कादंबऱ्या अशा निर्माण झाल्या कीं, पुढील लेखकांस त्यांना वळसा घालून जातां आलें नाहीं. नेव्हिल शूट यांची ‘ऑन द बीच’ १९५७ सालची. वॉल्टर मिलर यांची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ व पॅट फ्रँक यांची ‘अलास, बॅबिलॉन’ या दोन्ही १९५९ सालच्या. विद्वानांचा कौल बहुधा मिलर यांच्याकडे पडतो, व तो अन्याय्य नाहीं. तथापि घरांतील सर्वांनीं आळीपाळीनें वाचावी अशी कादंबरी फ्रँक यांचीच होय. कारण तींत लढाई थोडी आणि प्रपंच फार आहे.

फ्लोरिडांतील फोर्ट रिपोज या कल्पित गांवीं रँडी ब्रॅग नांवाचा कुलीन पण निरुद्योगी तरुण राहतो. विमानदलांतील त्याचा थोरला भाऊ तारेनें ठरलेला संकेतशब्द पाठवितो (तोच ग्रंथाचें नांव झाला आहे) आणि बायकोमुलांस त्याच्या पदरांत टाकतो. तीं येऊन पोंचतात न पोंचतात तोंच पहाटे अण्वस्त्रें पडूं लागतात. निमित्त काय, तर एका अमेरिकन वैमानिकानें शत्रूच्या विमानावर सोडलेलें अस्त्र भरकटून सीरियांतील लाटाकिया बंदरावर आदळतें!

येथून पुढें ग्रंथकार एकेक वस्तु काढून घेत जातो. पैशास मोल उरलें नाहीं हें पाहून बँकेचा चालक आत्महत्या करतो. मधुमेही लॅव्हिनिया मॅकगव्हर्न मरते ती वीज जाऊन इन्शुलिन निकामी झाल्यामुळें. तिच्यावर कोणीं बाँब टाकलेला नसतो. वाटमारे डॉक्टर गन याचा चष्मा फोडतात, आणि गांवचा वैद्य अर्धा आंधळा होतो. उलट ज्या ग्रंथालयांत ॲलिस कुक्सी वर्षानुवर्षें वाचकांची वाट पाहत बसे, तेथें आतां माणसांची रीघ लागते.

पण आम्हांस सर्वांत भावला तो मिठाचा प्रसंग. वीज गेली, मोटारी थांबल्या, कॉफी संपली, तरी माणसें कुरकुरत कां होईना, चालतात; मीठ संपतांच मात्र त्यांचीं तोंडें उतरतात. मांस टिकवावें कशांत? घामावाटे अंगांतलें जातें तें भरून काढावें कशानें? शेवटीं रँडी एका पूर्वजाची जुनी रोजनिशी काढतो, व तींत मिठाच्या जागेचा उल्लेख सांपडतो. जी वही केवळ कुळाच्या अभिमानासाठीं जपून ठेविली होती, ती एकदम कोठीघराची किल्ली ठरते. जिनें कधीं एक दिवस तरी मिठाची बरणी रिकामी पाहिली असेल, त्या गृहिणीस या प्रसंगाचें मोल सांगावयास नको.

परंतु लेखकाची दया जरा सढळ झाली आहे. टॅम्पा, ऑर्लँडो, मायामी जळून जातात, आणि किरणोत्सर्गी धूळ फोर्ट रिपोजला जवळजवळ टाळून जाते. पाणी निर्मळ, झाडांवर संत्रीं, नदींत मासे! अणुहिवाळ्याची कल्पना शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं मांडली. ती फ्रँक यांस ठाऊक नसणें हा दोष नव्हे. दोष हा कीं, मरणारे बहुतेक पडद्याआड मरतात. शेजारच्या हेन्री या कृष्णवर्णी कुटुंबाचें खेचर, डुकरें व शेतीचें ज्ञान यांवर सर्वांचा निभाव लागतो. त्या काळच्या फ्लोरिडांत असें लिहिण्यास धैर्य लागे, हें कबूल; तरी पुढारीपण गोऱ्या रँडीकडेच राहतें, आणि वाटमाऱ्यांना भुलविण्यासाठीं मोटारीच्या चाकावर बसतो तो मॅलकाय हेन्री, मरतोहि तोच.

म्हणून या पुस्तकाशेजारीं आम्ही मासुजी इबुसे यांची ‘कुरोई आमे’, म्हणजे ‘काळा पाऊस’, ही १९६६ सालीं ग्रंथरूप झालेली जपानी कादंबरी ठेवूं इच्छितों. ती कल्पित युद्धाची नव्हे. ६ ऑगस्ट १९४५ च्या हिरोशिमाची आहे. येथेंहि एक रोजनिशी आहे. शिगेमात्सु याची भाची यासुको लग्नाची झाली आहे. पण मुलगी बाँबच्या वेळीं शहरांत होती, अशी कुजबुज स्थळाच्या कानीं जाते. ती शहरांत नव्हती असें दाखविण्यासाठीं मामा तिची रोजनिशी उतरवून काढूं लागतो. उतरवितां उतरवितां तिच्या अंगावर पडलेल्या काळ्या पावसाचा मजकूर येतो, आणि मामी सुचविते कीं, तेवढा गाळावा. पुढें यासुकोच आजारी पडते व जुळत आलेलें लग्न मोडतें.

‘अलास, बॅबिलॉन’ वाचून ज्यांस धीर आला असेल त्यांनीं ही दुसरी कादंबरी लगेच हातीं घ्यावी. फोर्ट रिपोजमध्यें वाचलेल्या बेन फ्रँकलिन व पेटन या मुलांचीं लग्नें पुढें कोठें जमलीं, हें फ्रँक यांनीं विचारलेलेंच नाहीं.