बघ्यांसाठी चित्र कुठे आहे?

विरार लोकलच्या महिला डब्यावर वर्षानुवर्षे डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रीचे चित्र असे. २०१८ साली पश्चिम रेल्वेने ते बदलायला घेतले. त्या जागी आधुनिक पोशाखातली, नोकरदार वाटणारी स्त्री आली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई महापालिकेने दादर-माहीम भागातल्या सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती बसवली. दोन्ही बदलांचे कौतुक झाले. रस्ता आणि रेल्वे बाईचीही आहे, एवढे ही चित्रे सांगतात, आणि ते सांगण्याची गरज होती, हे आम्हाला मान्य आहे.

परंतु ही चित्रे बाईला ओळखतात ती पोशाखावरून. पदर गेला, कोट आला, म्हणजे बाई पुढे गेली, असा त्यांचा हिशेब. बुरख्यावरून घरात आणि बाहेर दोन्हीकडे बोलणी खाणाऱ्या आपल्या मुलींना हे मोजमाप नवे नाही. सोपाऱ्याहून चर्चगेटला कामाला जाणाऱ्या बुरखेवालीला दोन्ही चित्रांतली बाई परकीच वाटेल. शिवाय मारणारा हात पोशाख पाहून थांबत नाही.

वसईच्या दोन घटना आठवून पाहा. वसईची एक तरुणी २०२२ साली दिल्लीत मारली गेली. आपला जोडीदार मारहाण करतो, जीवे मारण्याची धमकी देतो, अशी तक्रार तिने २०२० मध्येच नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात दिली होती, हे नंतर उघड झाले. चर्चा मात्र आरोपीच्या धर्माची झाली. आपल्यातल्या अनेकांना ‘आम्ही तसे नाही’ हे सांगत बसावे लागले. त्या तक्रारीचा कागद बाजूला पडला. दुसरी घटना जून २०२४ मधली. वसई पूर्वेला भर सकाळी रस्त्यावर एका तरुणीला लोखंडी पान्याने मारून ठार करण्यात आले. माणसे होती, काहींनी मोबाइलवर चित्रणही केले. अडवायला धजावला तो एखादाच. इथे धर्माची चर्चा झाली नाही, कारण दोघे एकाच समाजाचे होते. पहिलीला वाचवायला तिचा कागद गंभीरपणे घेणारे हवे होते, दुसरीला मध्ये पडणारे.

म्हणून सार्वजनिक कलेने बोलायला हवे ते बघ्यांशी. या कसोटीवर आम्हाला आजही एक जुने नाटक थोर वाटते. स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली सुरू झाले आणि शहरांत, खेड्यांत त्याचे हजारो प्रयोग झाले. गाणी आणि विनोद यांच्या आधाराने ते घरातल्या छळाची गोष्ट चारचौघांत मांडते. त्याची खरी ताकद मात्र जमलेल्या माणसांत आहे. चौकात मारहाण पाहायला जी गर्दी जमते, तीच गर्दी इथे नाटक पाहायला जमते. शेजारच्या घरातून ओरडणे ऐकून दार लावून घेणारा माणूस त्या गर्दीत असतो, आणि गोष्ट त्याच्या बिऱ्हाडाच्या भिंतीपलीकडची असते. सिग्नलवरची आकृती त्याला रस्ता ओलांडायला सांगते. नाटक त्याला तू काय केलेस, असे विचारते.

उत्तर देण्याची सोय कायद्याने केलेली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्यांनाही. छळाची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो. ती सद्‌हेतूने दिली तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. शेजाऱ्याला उद्देशून ही एवढी ओळ डब्यात, जिन्यात, नळावर रंगवली तरी ते पोशाख बदललेल्या चित्रापेक्षा मोलाचे काम होईल.

आपल्या मोहल्ल्यांत उरूस आणि जलसे भरतात, माणसे जमतात. तलाक आणि बुरखा यांवर आपल्या लेखिकांनी पुष्कळ लिहिले आहे. आता त्यांनी आपल्या मराठीत, दखनीत, कोकणीत शेजाऱ्यासाठी एक नाटक लिहावे, आणि ते मोहल्ल्याच्या चौकात व्हावे. तिथे पुरुषांनी पुढच्या रांगेत बसावे, अशी आमची मागणी आहे.