‘अस्तु’मधले शास्त्रीबुवा आणि हरवणारे शब्द

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ २०१३ साली तयार झाला. चित्रपटगृहांत यायला त्याला २०१६ साल उजाडले. स्मृतिभ्रंशाविषयी मुलांना काही दाखवायचे म्हटले की शिक्षकांच्या तोंडी हेच नाव येते, आणि ते रास्तच आहे. मात्र भाषा जाते म्हणजे नेमके काय जाते, या प्रश्नाचे उत्तर या चित्रपटावरून काढायला गेलो तर थोडी फसगत होते. तेवढीच बाजू येथे पाहू.

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना अल्झायमर झाला आहे. मुलीच्या गाडीतून उतरून ते रस्त्यातल्या हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताची बायको चन्नम्मा हिच्या आसऱ्याला पोचतात. ती कानडी बोलणारी. शास्त्रीबुवा तिला आई मानतात आणि तीही त्यांना लेकरासारखे सांभाळते. शास्त्रीबुवांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे आहेत, ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समान भाषा नसलेल्या या दोघांचे संभाषण हा चित्रपटाचा सर्वांत भक्कम भाग आहे, आणि तो विज्ञानालाही धरून आहे. अल्झायमरमध्ये शब्द विरळ होत गेले तरी आवाजातला जिव्हाळा, चेहरा, स्पर्श यांची समज बराच काळ टिकते.

खटकते ते दोन ठिकाणी. विद्वान माणूस मुलीला विसरतो, पण त्याच्या तोंडून संस्कृत वचने बाहेर पडतात, तेव्हा प्रेक्षकाला वाटते की ज्ञान आत शाबूत आहे, वरचा पडदा तेवढा धूसर झाला. तसे म्हणता येत नाही. लहानपणापासून घोकलेली वचने, पाढे, आरत्या ही जवळजवळ आपोआप उमटणारी भाषा. मनातली नवी गोष्ट सांगण्यासाठी शब्द निवडावे लागतात, वाक्य जुळवावे लागते. ती यंत्रणा निराळी. पाढे म्हणता येतात म्हणून ‘आजोबांना काही झालेले नाही’ असे म्हणणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

दुसरे, ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’. माया लावायला ही कल्पना बरी. भाषेच्या बाबतीत मात्र ती चुकीची आहे. मूल आधी नामे शिकते आणि व्याकरण मागून येते. काही रुग्णांत ही चित्रफीत उलटी फिरतच नाही: वाक्याचा डौल, प्रत्यय, क्रियापदे सगळे जागच्या जागी असते आणि नेमकी नामे गळून ‘ते’, ‘असले’, ‘तसली वस्तू’ एवढेच उरते.

अमेरिकेतील मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली असे सहा रुग्ण नोंदवले की ज्यांची भाषा वर्षानुवर्षे ढासळत गेली, पण बाकी व्यवहार बराच काळ नीट चालला. याला वर्धमान वाचाघात म्हणतात. २०११ साली त्याचे तीन प्रकार ठरवण्यात आले. एकात बोलणे अडखळते आणि व्याकरण मोडते. दुसऱ्यात शब्द जिभेवर येऊन अडतो आणि लांब वाक्य जसेच्या तसे म्हणता येत नाही. याच्या मुळाशी बहुधा अल्झायमरच असतो. तिसऱ्यात शब्दाचा अर्थच जातो. एखाद्या निवृत्त फिटरला हत्याराचे नाव पटकन आठवले नाही तर ते वयाचे. पण ‘पाना दे’ म्हटल्यावर त्याने ‘पाना म्हणजे काय?’ असे विचारले, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. घरचे लोक आधी कानाचे यंत्र आणतात, आणि त्यात वर्ष-दोन वर्षे जातात. (शब्द एका दिवसात गेले तर मात्र तो पक्षाघात समजून तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे.) थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांसारखी बरी होणारी कारणे आधी तपासली जातात, ती याचसाठी.

निदानाची खरी अडचण भाषेचीच आहे. बोस्टन चाचणीत साठ चित्रांची नावे सांगायची असतात. त्यांत हार्प आहे, इग्लू आहे, बीव्हर आहे. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर काढलेल्या कामगाराला ही चित्रे दाखवून काय कळणार? तो व्हर्नियर, चक, मायक्रोमीटर बिनचूक ओळखील. शिवाय पिंपरी ते चाकण हा पट्टाच बहुभाषी. घरी कानडी किंवा मलयाळी, यंत्रावर हिंदी, बाजारात मराठी, सुट्या भागांची नावे इंग्रजी. मग चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीसंचाचा अहवाल २०२० साली आला, तेव्हा तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत होता. मराठी त्यांत नव्हती, याची खंत मराठी वृत्तपत्रांपेक्षा मराठी शिक्षकांना अधिक वाटायला हवी. साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

नुसते भाषांतर पुरत नाही. अर्थ जाणाऱ्या प्रकाराची एक खूण अशी की रुग्ण अनियमित इंग्रजी शब्द अक्षरांप्रमाणे वाचतो. ‘पाइंट’ला ‘पिंट’ म्हणतो. देवनागरीत जसे लिहितो जवळजवळ तसेच वाचतो. त्यामुळे आपला रुग्ण वर्तमानपत्र खडखडीत वाचून दाखवील आणि त्यातले त्याला काहीच कळलेले नसेल. ही खूण मराठीत शोधायची तर जिथे लिपी उच्चार सांगत नाही तिथेच शोधायला हवी. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ यांतला ‘ज’ एकच लिहितात, पण उच्चार दोन. तो अर्थावरूनच ठरतो. अर्थ गेलेला माणूस या दोन वाक्यांत काय वाचील, हे मराठी भाषेचे शिक्षक आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून तपासण्याजोगे आहे. शब्दांची अशी यादी करायला प्रयोगशाळा लागत नाही. नववीचा वर्ग एका तासात पंचवीस-तीस शब्द सहज काढील.