तबकडीचा वेग आणि समीक्षेची चूक

सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका छोट्या नियतकालिकात जुन्या ध्वनिमुद्रिकांवर एक लेख लिहिला. १९१० पूर्वीच्या एका गायिकेच्या एकबाजू तबकडीविषयी त्यात मी तीन विधाने केली होती. पहिले, बाईंचा आवाज काळी पाचच्याही किंचित वर लागलेला असून तो चिरका आहे. दुसरे, तबकडी संपण्याच्या धास्तीने त्यांनी ठुमरी घाईने उरकली आहे. तिसरे, लांबवलेल्या सुरांवर त्यांचा आवाज कापतो. पुढे ही विधाने आणखी दोन लेखकांनी माझ्या नावानिशी उद्धृत केली. आज मला सांगायचे आहे की ही तिन्ही विधाने चुकीची होती. ती त्या गायिकेची वैशिष्ट्ये नव्हती, माझ्या टर्नटेबलची होती. गायिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही. चूक त्यांची नसताना तिच्यासोबत त्यांचे नाव पुन्हा छापले जावे, असे मला वाटत नाही.

मी संगीताचा पदवीधर नाही. पोटापाण्यासाठी हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात तबकड्या जमवल्या. त्यामुळे यंत्राकडे मी ‘वाजले म्हणजे झाले’ याच नजरेने पाहत होतो. माझी नजर बदलली ती भाच्यामुळे. तो समारंभांत डीजे म्हणून संगीत वाजवतो. एकदा घरी आला असता ती ठुमरी ऐकून तो म्हणाला, “मामा, तुमचं टेबल फास्ट पळतंय.” मी हसण्यावारी नेले. त्याने तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून एका मिनिटातले फेरे मोजले. ७८ असायला हवे होते, ८१ भरले. यंत्र उघडल्यावर कारण सापडले. माझ्याआधीच्या कुणा मालकाने मोटरच्या कप्पीवर चिकटपट्टी गुंडाळली होती. कप्पी जाड झाली की तिच्यावरून फिरणारे चाक आणि त्याच्यामागून टेबल वेगाने फिरते, इतकी साधी गोष्ट.

वेग तपासायला पट्टेदार चकती मिळते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. ७७ रेषांची चकती त्या उजेडात मिनिटाला ७७.९२ फेऱ्यांनी फिरली की रेषा स्थिर दिसतात. रेषा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. माझ्याकडे ही चकती होती, पण तिच्या रेषा कधी नीट दिसतच नसत, म्हणून मी ती निकामी ठरवली होती. खोट चकतीत नव्हती. खोलीत एलईडी दिवा होता आणि चांगल्या एलईडीचा उजेड अशा ठोक्यांनी लुकलुकत नाही. जुना तारेचा बल्ब लावताच रेषा दिसू लागल्या.

कप्पी साफ केल्यावर टेबल ७८ वर आले. पण प्रश्न तिथे संपत नाही, खरे तर तिथून सुरू होतो. ‘७८’ हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र साधारण ७० ते ८० या टापूत कुठल्याही वेगाने फिरत असे आणि लेबलावर वेग बहुधा नसे. घराघरांतल्या चावीच्या ग्रामोफोनवर वेगाचा स्क्रू ऐकणाऱ्याच्याच हातात असे. तेव्हा माझ्या तबकडीचा मूळ वेग काय होता, हे तबकडीलाच विचारावे लागणार होते.

इथे डीजेंचे हत्यार कामी आले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तालाचा तुकडा लांबवला. पुढे अशा वादकांना हव्या त्या क्षणी वेग कमीजास्त करता येणारे टेबल लागू लागले. १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० ची १९७९ मधली दुसरी आवृत्ती त्यांनी आपलीशी केली. तिच्यात मोटर थेट तबकडीखाली असते आणि बाजूच्या सरकपट्टीने वेग आठ टक्के वर किंवा खाली नेता येतो. दोन गाण्यांचे ठेके जुळवताना वेग वाढवला की सूरही चढतो, हे डीजेच्या बोटांना पाठ असते. आम्ही जुन्या गाण्याचे अभ्यासक ते विसरलो होतो.

भाच्याच्या टेबलावर ७८ चा वेग नव्हता. आम्ही तबकडी ४५ वर वाजवून संगणकात उतरवली आणि नंतर ४५ चे ७८ होतील त्या प्रमाणात वेग वाढवला. सरकपट्टीचे आठ टक्के या हिशेबात सुमारे ७२ ते ८४ फेऱ्यांचा टापू व्यापतात. जुन्या तबकड्यांचे बहुतेक संभाव्य वेग त्यात येतात.

आता वेग ठरवायचा कशावरून? गायकाचा षड्ज त्याच्या मर्जीचा, त्यामुळे तो पुरावा होत नाही. सारंगी, तंबोराही त्याच्याबरोबर मिळवलेला. पण या तबकडीत साथीला पेटी आहे आणि पेटीचे सूर आधीच बांधलेले असतात. त्या काळच्या सगळ्या पेट्या काटेकोर एकाच मापाच्या नव्हत्या, हे धरूनही षड्ज कुठल्यातरी पट्टीच्या जवळपास बसायला हवा. तो सुमारे ८०.५ फेऱ्यांना काळी पाचवर बसतो, ७६ ला पांढरी सहावर आणि ७१.७ ला काळी चारवर. तीन शक्यता उरल्या.

त्यांतली एक निवडायला मदत झाली ती शेवटच्या घोषणेची. १९०२ च्या नोव्हेंबरात गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून बऱ्याच तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव सांगताना ऐकू येतो. तबकड्या हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून ही सोय, असे कारण दिले जाते. आपल्याला तिचा वेगळाच उपयोग आहे. गाण्याचा आवाज घडवलेला असतो, बोलण्याचा नसतो. माझ्या तबकडीतली घोषणा ८०.५ ला लहान मुलीची वाटते, ७१.७ ला पेंगुळलेल्या माणसाची. ७६ ला एक प्रौढ बाई सरळ, थोड्या मिश्किलपणे आपले नाव सांगते. म्हणून मी ‘सुमारे ७६’ धरतो. ‘सुमारे’ हा शब्द मी सोडणार नाही.

७६ ची तबकडी ८१ वर वाजवली की सूर एका स्वरापेक्षा, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा, थोडा जास्त चढतो. तीन मिनिटे बारा सेकंदांचे गाणे तीन मिनिटांत संपते. माझे पहिले आणि दुसरे विधान इथेच कोसळले. बाई पांढरी सहात गात होत्या आणि बोल बनवायला पुरेशी सवड घेत होत्या. घाई यंत्राची होती.

‘चिरका’ या शब्दाचा थोडा हिशेब मात्र अजून बाकी होता. मी एलपीच्या सुईने ७८ ची तबकडी वाजवत होतो. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ च्या रुंद चरीला सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते. बारीक टोक चरीच्या तळाशी जाऊन तिथल्या खरखरीवर घासते. भिंतींवर कोरलेले गाणे त्याला नीट भेटत नाही. योग्य सुई आणि तिच्या निर्मात्याने सांगितलेला भार (७८ साठी तो एलपीच्या दीड-दोन ग्रॅमपेक्षा बहुधा जास्त असतो) लावल्यावर आवाजाला गोलाई आली. या तबकड्या एकसुरी, म्हणजे मोनो असल्याने डावी-उजवी वाहिनी एकत्र केली की चरीच्या वर-खाली होण्यातून येणारा आवाजही बराच कमी होतो. उरला अॅम्प्लिफायर. आजचा फोनो अॅम्प्लिफायर एलपीसाठी ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार खर्ज उचलतो आणि तार दाबतो. १९२५ पूर्वी कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणाला असे कुठलेच प्रमाण लावलेले नव्हते. ते इथे लावले की मूळ ध्वनीचा तोल बिघडतो.

राहिले तिसरे विधान, कापणाऱ्या आवाजाचे. वाजत असताना टोनआर्मकडे पाहिले असते तर उत्तर समोरच होते. तो प्रत्येक फेऱ्याला डावीउजवीकडे झुलत होता. तबकडीचे भोक मध्यापासून सुमारे एक मिलिमीटर सरकलेले होते. ७८ वर असा झोका सेकंदाला १.३ वेळा येतो आणि लांब सुरावर हुबेहूब कंपासारखा ऐकू येतो. मध्यापासून ७५ मिलिमीटरवरच्या चरीत या एका मिलिमीटरने सूर सुमारे १.३ टक्के वर आणि तितकाच खाली जातो. सेंटच्या भाषेत दोन्हीकडे २३. आपली प्रमाणश्रुती साडेएकवीस सेंटची! जुन्या तबकड्यांवरून श्रुतिस्थाने मोजू पाहणाऱ्यांनी आधी भोक मोजावे, असे मी म्हणतो ते थट्टेने नाही. उपाय अवघड नाही. खाली जाड रबरी चकत्या ठेवून तबकडी मधल्या खिळ्याच्या वर उचलायची आणि टोनआर्म स्थिर होईपर्यंत बोटाने सरकवत राहायची.

मग जुन्या तबकड्यांवरची सगळीच समीक्षा रद्द समजायची का? नाही. वेग चुकला तरी स्वरांतली परस्पर प्रमाणे बदलत नाहीत. रागाची मांडणी, बोलांची फिरत, मात्रांचा हिशेब, समेवर येण्याची पद्धत हे सारे टिकते. पट्टी, लय, तानेचा वेग, आवाजाचा पोत आणि कंप यांच्याविषयीची विधाने मात्र यंत्र तपासल्याशिवाय करता येत नाहीत. दुर्दैवाने आपल्या लेखनात ‘टिपेचा आवाज’, ‘विजेसारखी तान’ अशी दुसऱ्या प्रकारची विधानेच जास्त असतात.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. त्या काळच्या श्रोत्यांनीही चावीच्या यंत्रावर वेडावाकडा वेगच ऐकला आणि त्यावरच प्रेम केले, तर आता ही काटेकोरी कशाला? श्रोत्याला ती नसली तरी चालेल. समीक्षक मात्र कलावंताविषयी निवाडा देतो. ज्याच्याबद्दल निवाडा, त्याचे म्हणणे नीट ऐकून घेणे हे त्याचे पहिले काम.

वेग नोंदवण्याची गरज एका तबकडीच्या बाबतीत मात्र पूर्ण ओळखली गेली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सुवर्ण तबकडीवर गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीसोबत सुई आहे आणि वेष्टनावर वाजवण्याच्या सूचना कोरल्या आहेत. एक फेरा ३.६ सेकंदांचा, आणि हा काळही हायड्रोजन अणूच्या मापात सांगितलेला, कारण ऐकणाऱ्याला आपला सेकंद माहीत नसणार. पण ही सूचनासुद्धा केवळ शेवटच्या पायरीची आहे. मूळ ध्वनिमुद्रिकेवरून नक्कल करताना जो वेग धरला असेल, तो त्या भैरवीत कायमचा मिसळला आहे. प्रत्येक नकलेचे असेच असते. कॅसेटवर, सीडीवर किंवा मोबाइलवर आपण जुने गाणे ऐकतो, तेव्हा कुणीतरी एकदा लावलेला वेग, सुई आणि भोक यांच्यासकट ऐकतो.

म्हणून जुन्या आवाजांवर लिहिणाऱ्यांनी आणि ते छापणाऱ्यांनी एक छोटी पद्धत पाळावी, अशी माझी विनंती आहे. हस्तलिखितावर लिहिताना आपण प्रत कोणती ते सांगतो. तशी तबकडीविषयी एक ओळ द्यावी: ती मूळ की नक्कल, कोणत्या वेगाने ऐकली आणि तो वेग कशावरून धरला.

सुरुवात मी माझ्यापासून करतो. बारा वर्षांपूर्वीची तीन विधाने मागे घेऊन त्यांच्या जागी ही नोंद वाचावी. मूळ एकबाजू तबकडी. वेग सुमारे ७६, पेटी आणि शेवटची घोषणा यांवरून. भोक मध्यावर आणून ऐकली. षड्ज पांढरी सहा. ठुमरी ठाय, लांब सूर स्थिर.