पिवळा, पांढरा आणि तीर्थरूप

रंग काढायचा म्हटलं की निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरात दोन पक्ष पडतात. ‘ही’ पांढऱ्याची, मी पिवळ्याचा. दुकानदाराने कार्ड उलगडलं, तर त्यात पांढरेच वीस! एकात निळीची झाक, एकात सायीची. बँकेत इतकी वर्षं कोरे चेक हाताळले, पण पांढऱ्यात एवढ्या पोटजाती असतील असं वाटलं नव्हतं.

पांढऱ्याची बाजू भक्कम, हे मान्य. उजेड तोच सर्वांत जास्त परत करतो. मात्र उत्तरेच्या खिडकीपाशी तो दवाखान्यासारखा दिसतो. पिवळ्याची खोड उलटी. कार्डावर लोण्यासारखा, पण चारी भिंतींना लागला की एकीचा रंग दुसरीवर पडून खोली हळदीला बसते. पूर्वी चुन्यात मूठभर पिवडी टाकली की भागायचं. (आमच्या धंद्यात चुना लावणं निराळं.)

निकाल तीर्थरूपांमुळे लागला. पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यातून निवृत्त, आता मोतीबिंदू. गेल्या खेपेला भिंत पांढरी, बटणांचा बोर्डही पांढरा. रात्री भिंत चाचपताना स्टुलाला अडखळून पडले. आम्हाला हाकसुद्धा मारली नाही.

माझा फिकट पिवळाही बाद झाला. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंगच पिवळसर होतं. त्यातून पांढरं नि फिकट पिवळं सारखंच. म्हणून बोर्डाची भिंत थेट झेंडूची, बाकीच्या तीन हिच्या.

परवा मध्यरात्री ‘टक्’ वाजलं. मी उठू लागलो.

“झोपा,” ही म्हणाली, “सापडलं त्यांना.”